गाडीची ठिणगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी महिन्यापूर्वी मला विचारले, "बाई, यंदा तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "इग्निशन कॉइलवर." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काही औषधाचे आहे का?" त्यांचे काही चुकले नाही. आपल्या व्यासपीठावर आजवर लोणची, भरतकाम, लहान मुलांचे आहार, बचतगटाचे हिशेब असे विषय झाले. मोटारीच्या पोटातला एक वीतभर लांबीचा काळा भाग घेऊन कोणी येथे उभे राहिले नव्हते. पण या काळ्या भागाने आमच्या आळीला एका आषाढात जो धडा दिला तो आळीतच राहू नये असे मला वाटले, म्हणून उभी आहे. मी काही इंजिनियर नाही. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना हातचा घ्यायला शिकवले आणि एक्कावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. तेव्हा जे सांगेन ते स्वतःच्या हाताने केलेले आहे, आणि जेथे माझे चुकले तेही सांगेन.

आमच्या शेजारच्या अण्णांना तुम्ही सर्व जणी ओळखत होता. त्यांची मूत्रपिंडे थकली आणि आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, नाशिकला डायलिसिस लागले. डायलिसिस म्हणजे रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडायचे. एका वेळेला चार तास लागतात, आणि यंत्रे मोजकी असल्यामुळे प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. जव्हारहून मोखाडा, पुढे मोरचोंडी, तोरंगणचा घाट, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक हा रस्ता. उन्हाळ्यात दोन-अडीच तासांत माणूस पोहोचतो. पावसाळ्यात धुके उतरले की समोरची गाय शिंगे दिसल्यावर कळते. मुलगा मुंबईला नोकरीत, वहिनींना गाडी येत नाही. मी निवृत्त, माझ्याकडे एक लहान पेट्रोल गाडी. म्हणून शुक्रवारची फेरी माझ्याकडे आली.

ही २०२३ सालची गोष्ट. पावसाळा सुरू झाला आणि गाडी कुरकुरू लागली. गावातल्या सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चाले. पण पाऊस असला आणि चढ लागला की झटके खाई. पाय दाबावा तर पुढे जाण्याऐवजी अंग थरथरवी, जसा हिवताप आलेला माणूस दुलईत थरथरतो तशी. चढ संपला की पुन्हा ठीक. मी गाडी एका गॅरेजात नेली. गॅरेजचे नाव मी येथे घेणार नाही, कारण माणूस लबाड नव्हता, घाईत होता. त्याने कोरड्या दिवशी बाजारातून एक फेरी मारली, काही आढळले नाही, आणि म्हणाला, "बाई, पेट्रोल नीट चढत नाही, पंप बदलू." पंप बदलला. साडेसहा हजार रुपये गेले. पुढच्या शुक्रवारी मोरचोंडी मागे टाकली, पाऊस धो धो कोसळत होता, आणि घाटाच्या तोंडाशी गाडीने पुन्हा झटके द्यायला सुरुवात केली. या वेळी समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, आणि नुसता लागला नाही, उघडमीट करू लागला. पाठोपाठ पेट्रोलचा वास. एका वळणावर गाडीने जीवच सोडला. मी ती कशीबशी कडेला घेतली.

मागच्या आसनावर अण्णा. पाय सुजलेले, श्वास थोडा वर लागलेला. घड्याळात पावणेदहा. अकराची वेळ ठरलेली.

पंधरा मिनिटांनी एक काळी-पिवळी जीप आली. भरलेली होती. तरी त्या दादाने दोन तरण्या पोरांना मागे लटकायला लावले आणि अण्णा-वहिनींना पुढे घेतले. मी त्याला म्हटले, "दादा, जरा बॉनेटखाली बघता का?" तो हसला. "बाई, माझी डिझेलची. हिला ठिणगी लागतच नाही. पेट्रोलचे दुखणे मला काय कळणार?" तेव्हा मला ते टाळाटाळ वाटले. नंतर समजले की तो अगदी खरे बोलला होता. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती दाबानेच तापते आणि तेल पडताच पेटते. त्याला कॉइलचे विचारणे म्हणजे चुलीवरच्या भगुन्याला शिट्टी कधी होणार असे विचारण्यासारखे.

अण्णा नाशिकला एक वाजता पोहोचले. त्यांची वेळ गेली होती. दवाखान्यातल्या मंडळींनी सांभाळून घेतले, पण मागचा रुग्ण थांबलेला, म्हणून चार तासांच्या जागी अडीच तासच यंत्रावर ठेवता आले. पुढचे चार दिवस अण्णांना रात्री उशाला तीन उशा घेऊन बसावे लागले. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता घाटात मी एकटी. मोखाड्याच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी राहतो, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला. नेटवर्क शोधत मी छत्री घेऊन अर्धा किलोमीटर मागे चालले, फोन लागला, आणि तासाभरात तो मोटारसायकलवर भिजत आला. बरोबर पाने फार नव्हते. एक काडेपेटीएवढी डबी होती. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अलीकडच्या सर्व गाड्यांना ते आहे. तेथे त्याने ती डबी लावली आणि स्वतःच्या मोबाइलवर बघू लागला. गाडी स्वतःचे दुखणे स्वतः लिहून ठेवते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मोबाइलवर अक्षरे आली, 'पी ०३०२'. तो म्हणाला, "बाई, शेवटचा आकडा बघा. दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय."

येथे जरा थांबून ठिणगी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचे सगळे मंत्रासारखे वाटेल.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडते. ती ठिणगी पाडणारा तो प्लग. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये मिलिमीटरभर फट असते, आणि ती ओलांडायला विजेला प्रचंड जोर लागतो. वीस ते तीस हजार व्होल्ट. आपली बॅटरी तर बारा व्होल्टची. मग हा जोर येतो कोठून? तो कॉइल देते. कॉइलमध्ये लोखंडाच्या गाभ्याभोवती तारेची दोन गुंडाळणी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, आणि दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, साधारण शंभर पट वेढ्यांचे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडतात आणि मग तो एकदम तोडतात. प्रवाह तुटला की बारीक तारेत विजेचा धक्का उसळतो, आणि तो प्लगमध्ये जातो.

हे ज्यांना पटत नसेल त्यांनी जुनी ट्यूबलाइट आठवावी. तिच्या पट्टीत एक जड चोक असे आणि एक गोल स्टार्टर. स्टार्टर टकटक करी, दोन-चार वेळा दिवा लुकलुके, मग पेटे. स्टार्टर काय करीत होता? चोकमधला प्रवाह एकदम तोडत होता, आणि त्या धक्क्याने नळी पेटत होती. तेच तत्त्व, तोच धक्का. फरक इतकाच की ट्यूबलाइटला एकदाच पेटायचे असते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते. तुम्ही 'राम' म्हणेपर्यंत दहा-बारा ठिणग्या होऊन जातात.

पूर्वी एका गाडीत एकच कॉइल असे. तिची वीज सर्व प्लगांना आळीपाळीने वाटण्यासाठी एक टोपीवाले यंत्र असे, त्याला आपले मेकॅनिक अजूनही 'डेल्को' म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेल्को कंपनीचे. तेथे चार्ल्स केटरिंग या गृहस्थांनी १९१० च्या सुमारास बॅटरीवर चालणारी ही ठिणगीची व्यवस्था रूढ केली. याच केटरिंगनी बटणावर सुरू होणारा सेल्फ-स्टार्टरही केला, तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आला. त्याआधी लोखंडी हँडल मारून गाडी सुरू करावी लागे, आणि ते उलट फिरले की मनगट मोडे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीची, फिएट आणि पुढे पद्मिनी या गाड्यांवर हा डेल्को होता. मुंबईला जाणाऱ्यांनी पाऊस पडला की पद्मिनी टॅक्सीवाला बॉनेट उघडून फडक्याने काय पुसतो आहे हे पाहिले असेल. तो डेल्कोची टोपी कोरडी करी. आतला सीबी पॉइंट काजळला तर पॉलिश पेपरने घासून घेई. ती दुखणी डोळ्यांना दिसत. त्या टॅक्सीसुद्धा आता राहिल्या नाहीत, २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

आजच्या बहुतेक गाड्यांत डेल्को नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसवलेली असते. आमची गाडी तीन सिलिंडरची, म्हणून तीन कॉइली, एका ओळीत मांडलेल्या. कॉइलच्या खाली रबराची लांब नळी असते, ती खोल विहिरीसारख्या भोकात जाऊन प्लगला टोपीसारखी धरते. या व्यवस्थेत लांब वायरी गेल्या, गळती कमी झाली, हे खरे. पण दुखणे विहिरीच्या तळाशी गेले. वरून कितीही पाहा, काही दिसत नाही.

तर घाटात परत येऊ. मी म्हटले, "दोन नंबर म्हणजे दोन नंबरची कॉइल गेली ना? मग नवी आणू." तो म्हणाला, "नाही बाई. दोन नंबरात ठिणगी पडत नाही एवढेच गाडी सांगते. का पडत नाही ते ती सांगत नाही. कॉइल असेल, प्लग असेल, पेट्रोलचा इंजेक्टर असेल, वायर असेल. पंपासारखे करायचे का पुन्हा?" मला बोलण्याची सोय राहिली नाही. छत्तीस वर्षे मी मुलांना उत्तर लिहिण्याआधी ताळा करून बघायला सांगितले, आणि येथे माझाच विद्यार्थी मला ताळा करायला सांगत होता.

ताळा असा केला. तो छत्री धरून उभा राहिला आणि हाताने मला करायला लावले. गाडी बंद, किल्ली बाहेर. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला लावली आणि तीनची दोनला. बाकी कशालाही हात लावला नाही. डबीने जुनी नोंद पुसली. गाडी सुरू केली, चढावर शंभर पावले नेली. झटके आले. मोबाइलवर पाहिले तर आता 'पी ०३०३'. दुखणे कॉइलीबरोबर घर बदलून तीन नंबरात गेले होते. म्हणजे दोष तिचाच. नोंद दोन नंबरातच राहिली असती तर कॉइल निर्दोष ठरली असती, मग प्लगांची अदलाबदल, आणि तरीही न हलली तर इंजेक्टर आणि इंजिनाचा दाब पाहायचा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. या ताळ्याला एक पैसा लागला नाही.

आणि मग सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी का वागे तेही कळले. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. रबराच्या नळीला भेग असली तर वीज म्हणते, प्लगची अवघड फट कशाला ओलांडू, येथूनच बाजूच्या लोखंडात पळते. त्यात विहिरीत ओल असली तर तिला पायवाटच मिळाली. सपाटीला आणि कोरड्यात काम भागते, चढावर आणि पावसात भागत नाही. गॅरेजवाल्या दादाने बाजारातून कोरड्या दिवशी चक्कर मारली, त्याला ते दिसणार कसे? दुखणे ज्या वेळी येते त्याच वेळी तपासावे लागते. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याला चढ आणि पाऊस दोन्ही भरपूर, पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर. मुंबईच्या सपाट रस्त्यावर ही कॉइल आणखी वर्षभर चालली असती असे मला वाटते.

उघडमीट करणाऱ्या पिवळ्या दिव्याबद्दल दोन शब्द, कारण हे सर्वांत कामाचे आहे. तो दिवा स्थिर लागला तर लवकर दाखवावे. उघडमीट करीत असेल तर पाय काढावा, वेग कमी करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. ठिणगी पडत नसली तरी पेट्रोल पडतच असते. ते न जळता धुराच्या नळीत जाते, तेथे धूर शुद्ध करणारा एक महागडा भाग असतो, त्यात ते जळते आणि तो भाग लालबुंद होऊन खराब होतो. दोन हजारांच्या दुखण्याचे पन्नास हजार होतात. उन्हाळ्यात अशी तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी केली तर आगीचे भय वेगळे. आमच्या त्या मुलाने तीन नंबरच्या इंजेक्टरची वायर काढून ठेवली, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जाणेच बंद, आणि आम्ही दोन सिलिंडरवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू मोखाड्यापर्यंत उतरलो.

कॉइल नाशिकहून आणायची होती. ती कोणी आणली असेल? त्याच काळी-पिवळीवाल्या दादाने. अण्णा-वहिनींना त्याने संध्याकाळी परत आणले, आणि मी फोनवर सांगितलेले खोके दुसऱ्या दिवशीच्या फेरीत घेऊन आला. जुन्या कॉइलीवरचा नंबर मी त्याला शब्दशः लिहून दिला होता. दिसायला सारख्या दोन कॉइली आतून वेगळ्या असू शकतात, म्हणून नंबर जुळवूनच घ्यावी. बरोबर तीन नवे प्लग मागवले, ते का ते सांगते.

सोमवारी सकाळी आमच्या अंगणात मी स्वतः ती बसवली. माझा विद्यार्थी पायरीवर चहा पीत बसला होता आणि मदत करीत नव्हता. समोरच्या ओट्यावर आपल्या मंडळातल्या चार जणी उभ्या होत्या, त्यांना आठवत असेल.

इंजिन रात्रभर थंड झालेले. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची, काळी वायर सोडवली. मग कॉइलवरचा वायरींचा जोड. त्याला एक दात असतो, तो दाबून जोड ओढायचा, वायरीला धरून कधी ओढायचे नाही. मी अंमळ जोर केला आणि दात मोडला. प्लॅस्टिक इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेले असते हे मला माहीत नव्हते. त्याने नायलॉनची पट्टी बांधून दिली, ती आजही तशीच आहे. मग दहाच्या पान्याने छोटा बोल्ट काढला, कॉइल थोडी डावी-उजवी पिळली आणि सरळ वर ओढली. "पुच्" असा आवाज करून ती आली.

रबराच्या नळीवर, खालच्या बाजूला, केसासारखी पांढुरकी रेघ होती. तीच भेग. विजेने तेथून जाऊन जाऊन वाट जाळली होती. प्लगच्या विहिरीत वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर तळाशी गंजाचे कडे. पाणी साचले होते. आणि ते पाणी पावसाचे नव्हते, भगिनींनो, माझे होते. गुढीपाडव्याला गाडीची पूजा करायची म्हणून आदल्या दिवशी मी हौसेने इंजिनसुद्धा जोराच्या फवाऱ्याने धुवून घेतले होते. चकचकीत झाले होते अगदी. ते पाणी विहिरीत राहिले. इंजिन धुवायचेच असेल तर ओल्या फडक्याने पुसावे, फवारा मारू नये, एवढे माझ्या खर्चाने तुम्हांला फुकट मिळते आहे.

प्लग काढण्याआधी ती विहीर कोरडी आणि स्वच्छ करावी लागते, नाहीतर घाण सरळ इंजिनात पडते. सायकलच्या पंपाने हवा मारली, काडीला कापूस गुंडाळून पुसले. प्लग काढला. तीन नंबरचा ओला आणि काळा, पेट्रोलचा वास येणारा. इतर दोन करड्या-तपकिरी रंगाचे, निरोगी. पण तिन्हींची फट झिजून रुंद झालेली. पंचेचाळीस हजार किलोमीटर मी प्लग बदलले नव्हते. साध्या प्लगांना तितके आयुष्य नसते. फट रुंद झाली की कॉइलला दर ठिणगीला जास्त ताण पडतो, म्हणजे कॉइलीच्या मरणात प्लगांचाही हात होता. नुसती कॉइल बदलून जुने प्लग ठेवले असते तर नवी कॉइलही त्याच वाटेने गेली असती. नवे प्लग बसवताना पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवायचे. इंजिनाचा तो भाग ॲल्युमिनियमचा, मऊ. पान्याने वाकडे घुसवले की आटे गेले. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स. नव्या रबराच्या तोंडाला आतून किंचित सिलिकॉनचे ग्रीस, कॉइल दाबून बसवली, बोल्ट बेताचा आवळला, जोड "टक्" आवाज येईपर्यंत दाबला, शेवटी बॅटरीची वायर. सगळे मिळून चाळीस मिनिटे. त्याला वीस लागली असती.

एक धोक्याची सूचना. जुने लोक चालू इंजिनाची वायर ओढून ठिणगी उडते का पाहत. आजच्या गाडीत ते कधीही करू नये. तीस हजार व्होल्टचा झटका हाताला बसतो, कॉइल आणि तिला चालवणारा संगणकही जळू शकतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर चालू इंजिनाच्या या भागाजवळ वाकूही नये.

मंगळवारी मुलगा येऊ शकला नाही, म्हणून मीच निघाले. तोरंगणच्या घाटात पाऊस होता. त्याच वळणावर वहिनींनी डोळे मिटून घेतले, मी आरशात पाहिले. गाडी काही न बोलता चढून गेली. अकराला दहा मिनिटे असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. त्यानंतर गाडीच्या कारणाने अण्णांची एकही पाळी चुकली नाही, जवळजवळ सव्वा वर्ष. नंतर ते गेले. वहिनी आज पहिल्या रांगेत आहेत, त्यांना विचारूनच मी हे बोलत आहे.

आता कोणी म्हणेल, बायकांना हे कशाला? त्यांना मी एक जुनी हकिकत सांगते. ज्यांनी पेट्रोलची मोटार केली त्या कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था. तिच्या हुंड्याच्या पैशावर त्यांचा कारखाना उभा राहिला होता. गाडी तयार होती, पण लोक विश्वास ठेवीनात आणि नवरा ती लांब काढीना. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्थाबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना, एक पंधरा वर्षांचा आणि एक तेरा वर्षांचा, घेऊन त्या तीनचाकीवर माहेरी निघाल्या. मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. वाटेत इंधन संपले तर औषधाच्या दुकानातून द्रावण विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि ठिणगीच्या वायरीचे आवरण झिजून वीज बाहेर पळू लागली, तेव्हा पायमोज्याचा बांधायचा पट्टा काढून वायरीला गुंडाळला. मोटारीच्या इतिहासातली पहिली लांबची सफर माहेरची होती, आणि तिच्यात ठिणगीची दुरुस्ती बाईने केली. माझ्या विहिरीतही तीच तक्रार, आवरण फाटले आणि वीज पळाली. माझ्याकडे नवी कॉइल होती, तिच्याकडे मोज्याचा पट्टा.

त्यानंतर मी ती डबी स्वतःसाठी घेतली. हजार-बाराशे रुपयांना मिळते. आळीत आता पेट्रोलच्या पाच गाड्या आणि मुलींच्या स्कूटर आहेत. कोणाचा पिवळा दिवा लागला की डबी माझ्याकडून जाते. परवा खालच्या आळीतल्या सूनबाईने ती नेली आणि परत देताना म्हणाली, "बाई, यांनी गॅरेजवाल्याला कॉइल सांगितली होती, निघाला प्लग. दीडशे रुपयांत झाले." ती डबी मंडळाच्या कपाटात ठेवावी, शिलाई यंत्राच्या शेजारी, आणि नोंदवहीत सही करून न्यावी, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. कार्यकारिणीने आत्तापासून विचार करून ठेवावा.

जुनी कॉइल मी पिशवीतून आणली आहे. या डाव्या बाजूच्या रांगेपासून फिरवते, हातोहात पुढे द्या. रबर खालच्या टोकाशी वाकवून पाहिले तर भेग दिसेल, पण चष्मा लागेल. आणि चहा झाल्यावर ज्यांना हवे त्यांनी बाहेर वडाखाली या. बॉनेट उघडून ठेवले आहे, दहाचा पानाही आहे. साडीचा पदर मात्र खोचून या.